नवरा-बायको वेगळे झाले, पण घरकर्ज दोघांच्या नावावर: काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

काडीमोड झाली की भांडी, सोनं, गुरंढोरं वाटून घेता येतात. कर्ज तसं वाटून घेता येत नाही. पंचांसमोर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहिली आणि त्यात 'घराचे हप्ते नवरा भरेल' असं नमूद केलं, तरी बँकेला त्याचं बंधन नसतं. न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातही बँक पक्षकार नसते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे एकत्र कर्ज घेणाऱ्यांपैकी कोणत्याही एकाकडून बँक सगळी रक्कम मागू शकते. निम्मी नाही, सगळी. ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं, तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करू शकतो, पण ते भांडण त्या दोघांचं. बँक त्यात पडत नाही.

म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. कर्जातून नाव निघणं आणि मालकीतून नाव निघणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांचा क्रम चुकला की माणूस फसतो. आधी मालकी सोडली आणि कर्जात नाव राहिलं, तर घर दुसऱ्याचं आणि देणं तुमचं. बँकेनं 'तुम्ही आता कर्जदार नाही' असं लेखी दिल्याशिवाय हक्कसोडपत्र, दानपत्र, खरेदीखत, कशावरही सही करू नका. सोयरे घाई करतील. तरी थांबा.

पहिल्या पंधरा दिवसांत

सगळ्यात आधी हप्ता थांबू देऊ नका. हप्त्याची तारीख उलटली की त्याच दिवसापासून खातं थकीत धरलं जातं, ३० दिवसांनंतर ते पुढच्या पायरीवर जातं, ६० दिवसांनंतर त्याच्याही पुढे, आणि ९० दिवस उलटले की बुडीत वर्गात, म्हणजे एनपीएमध्ये पडतं. थकबाकी दोघांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावर चढते. पुढच्या वर्षी बाईला बचत गटाच्या बाहेर स्वतःचं कर्ज काढायचं असेल किंवा नवऱ्याला ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर हीच नोंद आडवी येते. कोणी भरायचं यावर वाद असेल तर तूर्त जो भरू शकतो त्यानं भरावं आणि प्रत्येक रुपयाचा पुरावा ठेवावा. नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात रोख देऊ नका. आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि शेऱ्यात 'घरकर्ज हप्ता, जून' असं लिहा. पुढे जादा भरलेल्या रकमेचा वाटा मागायचा तर दावा साधारणपणे भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो.

मग शाखेतून हे कागद मागून घ्या: मंजुरी पत्र, कर्ज करारनाम्याची प्रत, सुरुवातीपासूनचा खाते उतारा, बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी, आणि कर्जासोबत विमा काढला असेल तर त्याचा दाखला. सहकर्जदार म्हणून हे मागण्याचा तुमचा हक्क आहे. 'मुख्य कर्जदाराला पाठवा' असं काउंटरवर सांगितलं गेलं तर लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. विम्यात कोणाचा जीव उतरवला आहे ते नीट पाहा. बऱ्याच वेळा फक्त नवऱ्याचा असतो आणि हप्ता बायकोच्या पगारातून जात असतो.

त्याच दिवशी बँकेला एक पत्र द्या. मजकूर असा चालेल:

'मा. शाखाधिकारी, आमच्या संयुक्त गृहकर्ज खाते क्र. ____ मध्ये मी सहकर्जदार आहे. आम्ही पती-पत्नी दि. ____ पासून विभक्त राहत आहोत. या खात्यावर वाढीव कर्ज (टॉप-अप), मुदतवाढ, पुनर्रचना, मूळ दस्तऐवज देणे किंवा गहाण मालमत्तेच्या हस्तांतरणास नाहरकत देणे यांपैकी कोणतीही कार्यवाही माझ्या समक्ष सहीशिवाय करू नये. यापुढील सर्व पत्रव्यवहार व थकबाकीची सूचना मला खालील पत्त्यावर व मोबाईल क्रमांकावर स्वतंत्रपणे द्यावी.'

पत्ता बदलल्याचं कळवणं फार महत्त्वाचं आहे. बाई माहेरी दारव्ह्याला, नोटीस सासरच्या पत्त्यावर मोर्शीला, आणि कळतं तेव्हा दारावर ताब्याचा कागद चिकटलेला असतो.

घर नेमकं कोणाचं आहे ते तपासा

आपल्याकडच्या गावांत घरकर्ज घेताना तीन प्रकार दिसतात आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

एन.ए. (बिगरशेती) प्लॉट दोघांच्या नावे विकत घेऊन घर बांधलं असेल तर सातबारावर दोघांची नावं असतात आणि इतर हक्कात बँकेचा बोजा. खरेदीखतात वाटे लिहिले नसतील तर संपत्ती हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे ज्यानं जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा वाटा, आणि पुरावा नसेल तर समान वाटे. आपल्या कायद्यात लग्नानंतर घेतलेली संपत्ती आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. कागद काय बोलतो ते आधी पाहावं लागतं.

गावठाणातलं घर असेल तर लोक नमुना ८ काढून आणतात आणि त्यालाच मालकीचा कागद समजतात. नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद आहे. तिच्यावर नाव चढलं किंवा उतरलं म्हणून मालकी बदलत नाही. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा, आणि मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र शोधा.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, आणि गावात तोच वारंवार दिसतो. प्लॉट सासऱ्याच्या नावे, त्यावर बांधकामासाठी कर्ज, आणि सून अंगणवाडीत, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला म्हणून तिला सहकर्जदार केलेली. मालकीत तिचा एक इंचही नाही, कर्जात मात्र ती पूर्ण अडकलेली. अशा बाईनं घराच्या वाट्यासाठी वर्षानुवर्षं भांडण्याआधी एकच मागणी लावून धरावी: मला कर्जातून मोकळं करा. सासरे किंवा दीर माझ्या जागी सहकर्जदार व्हा. घर त्यांचं आहे, गहाण त्यांचं आहे, त्यामुळे बँकेलाही हे पटण्यासारखं असतं. भरलेल्या हप्त्यांचा हिशेब पोटगीच्या आणि स्त्रीधनाच्या बोलणीत वेगळा मांडायचा. छळ झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १९ खाली त्या घरात राहण्याचा आदेश मागता येतो, मालकी सासऱ्याची असली तरी. त्याच आदेशात भाडं आणि इतर देणी कोणी भरायची हेही दंडाधिकारी ठरवू शकतात. संरक्षण अधिकाऱ्याची भेट घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली असेल किंवा आदिवासी मालकाची असेल तर विक्रीचा विचार करण्याआधी पटवाऱ्याकडे आणि तहसीलमध्ये चौकशी करा. वर्ग २ ला परवानगी लागते, आणि आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला देताना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ ची बंधनं येतात.

हिशेब

भांडण बहुतेक इथं पेटतं, कारण 'मी सहा लाख भरले' हे वाक्य खरं असतं आणि तरी फसवं असतं. एक उदाहरण घेऊ. १२ लाख कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता साधारण १०,७९७ रुपये. पाच वर्षांत ६० हप्ते, म्हणजे ६ लाख ४८ हजार भरले गेले. पण शिल्लक मुद्दल अजून सुमारे १० लाख ६४ हजार. पाच वर्षांत मुद्दल फक्त १ लाख ३६ हजारांच्या आसपास कमी झाली, बाकी सगळं व्याज.

घराची आजची खरी किंमत १८ लाख धरली तर वाटायला उरतात १८ वजा १०.६४, म्हणजे ७ लाख ३६ हजार. प्लॉट घेताना बायकोनं आपलं सोनं मोडून दीड लाख घातले असतील आणि ते मान्य असेल, तर ते आधी बाजूला काढा. उरले ५ लाख ८६ हजार. निम्मे २ लाख ९३ हजार. म्हणजे नवऱ्याला २.९३ लाख, बायकोला ४.४३ लाख. घर जो ठेवेल त्यानं दुसऱ्याला एवढे द्यायचे आणि १० लाख ६४ हजारांचं कर्ज एकट्यानं अंगावर घ्यायचं.

वेगळं झाल्यानंतरच्या हप्त्यांचं काय? आमच्या मते न्याय्य पद्धत ही: जो घरात राहतो त्यानं व्याज सोसावं, कारण ते राहण्याचं भाडंच आहे, आणि मुद्दलातली घट ज्यानं भरली त्याच्या नावे जमा धरावी. वरच्या उदाहरणात पुढच्या १४ महिन्यांत दीड लाख भरले जातात, पण मुद्दल घटते ती सुमारे ४१ हजार. तक्रार त्या ४१ हजारांची आहे हे कळलं की आवाज बराच खाली येतो.

किंमत ठरवताना शासनाच्या वार्षिक दर तक्त्यावर, म्हणजे रेडीरेकनरवर थांबू नका. तो मुद्रांकासाठी असतो. गावातल्या शेवटच्या दोन-तीन खरेद्या दुय्यम निबंधकाच्या इंडेक्स २ मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात पाहा, किंवा बँकेच्या यादीतल्या मूल्यांककाकडून अहवाल घ्या.

चार वाटा

एक जण घर आणि कर्ज दोन्ही ठेवतो. यात बँकेकडे 'सहकर्जदार वगळण्याचा' अर्ज द्यावा लागतो. बँक हे नवीन कर्ज असल्यासारखंच तपासते: उरलेल्या एकाच्या कमाईत हप्ता बसतो का. हप्ता हातात येणाऱ्या कमाईच्या निम्म्यावर गेला की अर्ज अडकतो असा ढोबळ अंदाज धरा. १०,७९७ च्या हप्त्याला महिना २२ ते २५ हजार तरी दिसायला हवेत, आणि दुसरं कर्ज असेल तर त्याहून जास्त. शेतकऱ्याचा अर्ज कागदाअभावी पडतो. वावर आहे, कापूस पिकतो, पण विक्री व्यापाऱ्याला रोखीनं. म्हणून सातबारा आणि ८अ सोबत बाजार समितीची हिशेबपट्टी, सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस दिला असेल तर खात्यावर आलेली रक्कम, आणि दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लावा. कमाई कमी पडत असेल तर भाऊ किंवा वडील नवे सहकर्जदार म्हणून येऊ शकतात. पण त्यांना आधी सांगा की ते नावापुरते नाहीत, पूर्ण देणेकरी आहेत.

जुना जामीनदार विसरू नका. तो बहुतेक बायकोचा भाऊ किंवा नवऱ्याचा मित्र असतो. त्याच्या संमतीशिवाय करारात बदल झाला तर करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे बदलानंतरच्या व्यवहारापुरता तो मोकळा होतो, म्हणून बँक त्याची सही मागतेच. तो रुसून बसला तर काम तीन महिने लांबतं. त्याची बदली आधीच शोधून ठेवा.

दुसरी वाट, आणि अनुभवानं हीच अधिक चालते: दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावे कर्ज हलवणं. जुनी बँक नाव कमी करायला तयार नसते, कारण तिच्यासाठी दोन देणेकरी असणं सोयीचं. नवी बँक मात्र एकट्याला तपासून हो किंवा नाही सांगते, आणि तिनं जुनं कर्ज फेडलं की जुना करारच संपतो, दोघंही त्यातून सुटतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर बँक किंवा गृहवित्त कंपनी मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही. पतसंस्थेचे नियम वेगळे, तिथं करार वाचा. नवी बँक गहाणाचा मुद्रांक, कायदेशीर शोध अहवाल आणि प्रक्रिया शुल्क घेते, तो खर्च कोणाचा हे आधी लिहून ठेवा. नवं कर्ज एकाच्या नावे देताना बँक मालकीही एकाच्या नावे मागते. म्हणून मालकीचा दस्त आणि कर्जफेड एकाच दिवशी करायची. दस्त दुय्यम निबंधकासमोर, फेडीचा धनादेश नव्या बँकेच्या माणसाच्या हातात, आणि नाव सोडणाऱ्याच्या वाट्याचा डीडी टेबलावर. यातलं एकही नसेल तर दुसऱ्या दिवशी या.

तिसरी वाट विक्री. बँकेकडून फोरक्लोजर पत्र घ्या, म्हणजे कर्ज पूर्ण मिटवायला किती रक्कम लागेल याचं पत्र, त्यावर कोणत्या तारखेपर्यंत रक्कम लागू आहे ते असतं. इसारपावतीवर दोघांच्या सह्या, आणि त्यातच लिहा: एवढी रक्कम थेट कर्जखात्यात, उरलेली अमुक प्रमाणात दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत. रोख घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतल्यास आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे. विक्री शक्यतो दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत काढा, कापूस-सोयाबीनचा पैसा गावात तेव्हाच फिरतो. जून-जुलैमध्ये गिऱ्हाईक पडेल भाव मागतं.

चौथी, काही काळ दोघांनी मिळून चालू ठेवणं. पोराची दहावी होईपर्यंत घर मोडायचं नाही असं ठरलं तर ही वाट चुकीची नाही, पण तिला शेवटची तारीख हवी. एक स्वतंत्र बचत खातं उघडा, हप्ता त्यातूनच कापला जाऊ द्या, दोघांनी आपापला वाटा ५ तारखेच्या आत टाकायचा. महिनेवारी पगार नसलेल्या शेतकऱ्यानं हंगामात सहा महिन्यांचा वाटा एकदम टाकावा, म्हणजे श्रावणात हप्ता परत जात नाही.

दानपत्र, हक्कसोड आणि २०० रुपयांचा घोळ

गावात सर्रास सांगतात: 'हक्कसोड करा, २०० रुपयांत होते.' ही सवलत वडिलोपार्जित मालमत्तेच्या हक्कसोडीला आहे, आणि तिथंही २०० रुपये ऑक्टोबर २०२४ पर्यंत होते, आता ५०० लागतात. दोघांनी विकत घेतलेल्या घरातला हिस्सा सोडला तर खरेदीखतासारखाच मुद्रांक लागतो.

नवरा-बायकोत राहत्या घराचं दानपत्र मात्र महाराष्ट्रात २०० रुपये मुद्रांकावर होतं, स्थानिक अधिभार वेगळा. अट एकच: ते अजून नवरा-बायको असले पाहिजेत. घटस्फोट झाला की नातं संपलं, सवलतही संपली. म्हणून वाटा खरोखर मोबदल्याशिवाय द्यायचा असेल तर हुकूमनाम्याच्या आधी, बँकेची लेखी नाहरकत घेऊन दानपत्र नोंदवा. पैसे घेऊन वाटा देणार असाल तर ते दान नव्हे. पैसे लपवून दानपत्र केलं आणि पुढे उरलेले पैसे आले नाहीत, तर मागायला कागदच राहत नाही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये, अटींचा मसुदा दोन्ही अर्जांच्या मध्ये घाईनं लिहिला जातो. त्यात कर्जाचा परिच्छेद असा हवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, त्या दिवशीची शिल्लक, मालमत्तेचा गट किंवा प्लॉट क्रमांक आणि चतुःसीमा, हप्ता कोण कोणत्या तारखेपर्यंत भरणार, दुसऱ्याचं नाव किती दिवसांत कर्जातून काढणार, नाही काढलं तर घर विकायचं आणि विक्रीला दोघांची सही आताच बंधनकारक, आणि एकाच्या चुकीमुळे दुसऱ्याला भरावं लागलं तर ती रक्कम व्याजासह परत. 'हप्ते भरणे म्हणजेच पोटगी' असं ठरलं असेल तर तेही स्पष्ट लिहा, आपोआप तसं धरलं जात नाही. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी हा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागू नाही. तिथं रूढीनुसार काडीमोड होते, पण कर्जाच्या अटी तरीही वेगळ्या करारात, दोघांच्या सह्यांनी लिहाव्या लागतात.

हप्ते थकलेच असतील तर

गहाण मालमत्तेतून थेट वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायदा २००२ च्या कलम १३(२) खाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. याच ६० दिवसांत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. 'शेतकऱ्याचं घर जप्त होत नाही' या भरवशावर राहू नका, गहाण दिलेल्या घराला ती ढाल नाही. सरफेसीतून सुटते ती शेतजमीन. पतसंस्था असेल तर ती सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणते, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली की त्याच तारखेला हजर राहा आणि विभक्त असल्याचे, भरल्याचे सगळे कागद तिथंच द्या.

बँक महिनाभरात तक्रारीचं उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. गृहवित्त कंपनीची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे, पतसंस्थेची तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे.

कर्ज मिटल्यावर

१ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेनं मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घ्यायला कोण जाणार हे आधीच लिहून द्या, नाहीतर दोन कर्जदारांच्या भांडणात ते शाखेच्या कपाटातच राहतात.

बेबाकी दाखला हाती आला की पटवाऱ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) बोजा कमी करण्याचा अर्ज, मग नव्या दस्ताचा फेरफार, मग ग्रामपंचायतीत नमुना ८ ची नोंद, वीज मीटर आणि पाणीपट्टी. फेरफार मंजूर झाल्याचा सातबारा स्वतः काढून पाहा, अर्जाची पोच म्हणजे नोंद नव्हे. ज्याचं नाव कर्जातून निघालं त्यानं दोन महिन्यांनी सिबिलचा वर्षाला एकदा मिळणारा मोफत अहवाल काढून तिथून ते कर्ज गेलं का ते बघावं. घर ज्याच्याकडे राहिलं त्यानं विमा, बचत खातं आणि गटातल्या ठेवींवरचं वारसाचं नाव त्याच आठवड्यात बदलावं.